फोन घेतला, पावती कुठंय?

वाचकांचे प्रश्न, वकीलबाईंची उत्तरं

प्रश्न : ताई, नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातला शेतकरी, सहा एकर कोरडवाहू. दिवाळीच्या आधी सोयाबीन घेऊन मोंढ्यात गेलो होतो. काट्यावरून दोन आडत्यांच्या माणसांत जुंपली आणि एकानं दुसऱ्याच्या डोक्यात हमालाचा हूक घातला. मी ट्रॉलीवर बसलो होतो, तिथून मोबाईलवर शूटिंग केलं. दुसऱ्या दिवशी ठाण्यातून निरोप आला, 'व्हिडिओ घेऊन या.' गेलो. साहेबांनी व्हिडिओ बघितला आणि मोबाईल ठेवून घेतला. लॉकचा पॅटर्न कागदावर काढून मागितला, तोही काढून दिला. 'दोन दिवसांनी घेऊन जा,' म्हणाले. आज चार महिने झाले. गेलं की कधी 'साहेब बंदोबस्ताला गेलेत' म्हणायलेत, कधी 'लॅबला पाठवलाय' म्हणायलेत. सही कशावरच घेतली नाही, कागद कोणताच दिला नाही. वर आठ दिवसांत तोच व्हिडिओ आमच्या गावच्या ग्रुपवर आला. मी कुणालाच पाठवला नव्हता. ज्याच्या माणसानं हूक मारला तो आडत्या आता माझा माल घेईना. मोबाईल हप्त्यावर घेतलेला, आणखी पाच हप्ते बाकी आहेत. मोबाईल पोलिसांकडं आणि हप्ता माझ्याकडं. माझा गुन्हा काय? मोबाईल परत मिळंल का?

उत्तर : भाऊ, तुमचा गुन्हा काहीही नाही. तुम्ही साक्षीदार आहात, आणि बोलावल्याबरोबर स्वतःच्या पायानं ठाण्यात गेलेले साक्षीदार आहात. अशा माणसाला तपासात जपायला हवं. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी थांबले : 'सही कशावरच घेतली नाही.' तुमची सगळी अडचण त्या वाक्यात आहे.

पोलिसांना तपासासाठी फोन घेता येतो, यात वाद नाही. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, आणि तुमचं प्रकरण तिच्याखालीच येतं. तिच्या कलम ९४ प्रमाणे ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला तपासासाठी एखादी वस्तू लागत असेल तर त्यानं लेखी आदेश काढून ती मागवायची असते. मोबाईलसारखी संपर्काची साधनं या कलमात आता नाव घेऊन घातली आहेत. दुसरं कलम १०६. चोरीचा संशय असलेली, किंवा गुन्ह्याचा संशय यावा अशा परिस्थितीत सापडलेली वस्तू त्याखाली जप्त करता येते. साक्षीदाराच्या फोनला माझ्या मते ९४ लागतं, पण व्यवहारात पोलिस सरसकट १०६ लावतात. त्यावर वाद घालून फोन परत येत नाही, म्हणून मी तुम्हाला त्यात पाडत नाही. महत्त्वाचं हे की दोन्हीपैकी कुठल्याच कलमात 'ठेवा इथं, दोन दिवसांनी न्या' अशी तोंडी जप्ती नाही. १०६ खाली जप्ती केली की ताबडतोब न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. कलम १०५ प्रमाणे वस्तू ताब्यात घेण्याची सगळी प्रक्रिया, वस्तूंची यादी करणं आणि पंचांच्या सह्या घेणं धरून, व्हिडिओत टिपायची आणि ते चित्रीकरण विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडं पाठवायचं. तुमच्या वेळी असं काही झाल्याचं पत्रात दिसत नाही.

कागदासाठी मी इतकी का अडून बसते, ते सांगते. बीड जिल्ह्यातल्या एका ऊसतोड मुकादमाचं प्रकरण माझ्याकडं होतं. हाणामारीच्या गुन्ह्यात त्याचा फोन घेतलेला. कोणत्या कोयत्याला, म्हणजे तोडणीच्या जोडीला, किती उचल (आगाऊ रक्कम) दिली, त्या वहीच्या पानांचे फोटो त्या फोनमध्ये होते आणि मूळ वही पावसात गेलेली. फोन परत देण्याचा आदेश कोर्टातून आणला तेव्हा दोन वर्षं सात महिने झाले होते. मुद्देमालाच्या खोलीत गेलो. खाकी पाकिटं, त्यावर लाखेचं सील, काहींचं सील तुटून पाकिटाच्या तळाशी त्याचा चुरा झालेला, चिकटवलेल्या चिठ्ठ्यांवरची शाई ओलीनं पसरलेली. पंचनाम्यात लिहिलं होतं : 'एक काळ्या रंगाचा मोबाईल, जु.वा.किं.अं.' जुना वापरता, किंमत अंदाजे. बस्स. आयएमईआय, म्हणजे फोनची ओळख पटवणारा नंबर नाही, सिम नंबर नाही. त्या कपाटात काळे फोन अकरा निघाले. मुकादमानं एकेक उलटून बघितला आणि आठव्यावर हात ठेवला. मागच्या झाकणावर तुळजाभवानीचं स्टिकर होतं, त्याची फक्त कड उरलेली. बॅटरी फुगून झाकण वर आलं होतं. कारकून म्हणाले, 'स्टिकरवर कसा देऊ? उद्या दुसरा कोणी येईल.' त्यांचं चूक नव्हतं. फोनच्या खोक्यावरचा नंबर शोधायला आम्हाला आणखी तीन आठवडे गेले. त्या दिवसापासून मी प्रत्येक पक्षकाराला सांगते की पंचनाम्यात आयएमईआय लिहिल्याशिवाय सही करू नका.

तेव्हा पहिलं काम, तुमच्या फोनचा आयएमईआय शोधा. पंधरा आकडी असतो. खोक्यावर असतो, बिलावर असतो, आणि तुमचा फोन हप्त्यावर असल्यानं फायनान्सच्या करारावर हमखास सापडेल. दोन सिमचा फोन असेल तर नंबर दोन असतात, दोन्ही लिहा.

मग ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांच्या नावानं साधा अर्ज, दोन प्रतीत. कोणत्या तारखेला, साधारण किती वाजता, कोणी फोन घेतला (नाव माहीत नसेल तर हुद्दा, अंमलदार असतील तर बक्कल नंबर), फोनचा मेक, रंग, आयएमईआय, आत कोणतं सिम. पुढं चार गोष्टी मागा : गुन्हा रजिस्टर नंबर, कोणत्या कलमाखाली फोन घेतला, जप्ती पंचनाम्याची प्रत आणि मुद्देमाल पावती नंबर. भाषा सरळ ठेवा. 'मी तपासाला पूर्ण सहकार्य करत आलो आहे, साक्ष द्यायला तयार आहे,' हे वाक्य त्यात हवंच. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय ठाण्याबाहेर पडू नका. घेत नसतील तर भांडू नका, स्पीड पोस्टानं पाठवा, पोचीचा कागद जपून ठेवा आणि एक प्रत जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवा. गुन्हा नंबर बाहेर कळायची एक वाट आहे : बहुतेक गुन्ह्यांची एफआयआर महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर तारीख आणि ठाणं टाकून बघता येते. तालुक्याच्या सेवा केंद्रातला पोरगाही काढून देईल.

त्याच अर्जात आणखी एक मागणी घाला, जी फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. कलम १०६ च्याच तिसऱ्या पोटकलमात असं आहे की, जप्त वस्तू पोलिसांनी स्वतःकडं ठेवणं तपासासाठी गरजेचं नसेल तर ते ती बंधपत्रावर माणसाच्या ताब्यात देऊ शकतात. कोर्ट सांगेल तेव्हा हजर करीन, असं तुम्ही लिहून द्यायचं. म्हणजे प्रत्येक वेळी 'कोर्टातूनच आणा' असं म्हणायची गरज नसते. बहुतेक ठिकाणी म्हणतात, तरी मागा. नकार मिळाला तर तो पुढं कोर्टात दाखवायला उपयोगी पडतो.

आता, पोलिसांना व्हिडिओच हवा होता तर फोन का ठेवला? याचं उत्तर आपल्या जालन्यातून गेलेल्या एका निकालात आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर निवडून आले आणि कैलास गोरंट्याल यांनी त्याला औरंगाबाद खंडपीठात आव्हान दिलं. उमेदवारी अर्ज मुदतीत आला की नंतर, हा वाद होता आणि पुरावा होता निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या चित्रीकरणाचा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि जुलै २०२० मध्ये तिघा न्यायमूर्तींनी सांगितलं की इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत द्यायची असेल तर तिच्यासोबत प्रमाणपत्र लागणारच. मात्र मूळ उपकरणच कोर्टात आणलं आणि त्याच्या मालकानं पिंजऱ्यात उभं राहून 'हा माझा फोन, मीच वापरतो' असं शाबीत केलं तर प्रमाणपत्राची गरज नाही. तपासी अंमलदाराला मूळ फोन सोपा वाटतो तो यामुळं. त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही, प्रमाणपत्राअभावी पडलेले पुरावे मी पाहिले आहेत.

पण दुसरा रस्ता कायद्यानंच दिला आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रत घेताना तिची हॅश व्हॅल्यू नोंदवायची. हा त्या फाइलचा ठसा समजा, आकड्या-अक्षरांचा. व्हिडिओतलं एक चित्र जरी बदललं तरी ठसा बदलतो. प्रमाणपत्राचे दोन भाग असतात. एक भाग ते उपकरण ज्याच्या ताब्यात होतं त्यानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं. प्रत अशी निघाली, ठसा जुळला, की तुमचा फोन कपाटात कुजवण्याचं कारण उरत नाही. न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा छत्रपती संभाजीनगरला आहे, नांदेडलाही आहे. 'लॅबला पाठवलाय' हे खरं असेल तर कोणत्या तारखेला, कोणत्या जावक क्रमांकानं, हे अर्जात विचारा. खरंच पाठवलेला असेल तर हा आकडा ठाण्यात असतोच.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडं चला. अर्ज नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ आणि ४९७ खाली, आम्ही वकील दोन्ही लिहितो. मालमत्ता कोर्टापुढं हजर केलेली नसेल तर ५०३, केली असेल तर ४९७. नव्या कायद्यानं ४९७ मध्ये दिवस बांधून दिले आहेत : मालमत्ता कोर्टापुढं आल्यापासून १४ दिवसांत तिचं वर्णनपत्रक आणि फोटो, आणि त्यानंतर ३० दिवसांत ती कुणाला द्यायची याचा आदेश. त्याच्या कितीतरी आधी, २००२ मध्ये, सुंदरभाई अंबालाल देसाई यांच्या गुजरातमधल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं की जप्त वस्तू ठाण्यात पंधरा दिवस ते महिन्याच्या वर पडून राहू नयेत. हा निकाल अर्जाला जोडा. कोर्ट पोलिसांचा 'से' मागवेल, म्हणजे त्यांचं लेखी म्हणणं. मग तुमच्याकडून बंधपत्र घेईल आणि अटी घालेल : विकायचा नाही, बदल करायचा नाही, बोलावलं की हजर करायचा. हप्ते बाकी आहेत याचा कागद जोडायला विसरू नका, तुमचं नुकसान त्यातून दिसतं.

एक खोटी आशा मात्र देणार नाही. 'दंडाधिकाऱ्यांना वेळेवर कळवलं नाही, म्हणजे जप्तीच रद्द' असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की कळवायला उशीर झाला एवढ्यावरून जप्ती रद्द होत नाही; उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला जाब द्यावा लागेल, इतकंच. तरीही चार महिन्यांत कोर्टात कागद गेलाच नसेल तर तुमच्या अर्जाचं वजन फार वाढतं.

वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका कोर्टातच विधी सेवा समिती असते. महाराष्ट्रात वर्षाला तीन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्याला वकील मोफत मिळतो. बायका, मुलं, अनुसूचित जाती-जमाती यांना उत्पन्नाची अटही नाही. १५१०० वर फोन लावून विचारता येतं.

राहिला गावच्या ग्रुपवरचा व्हिडिओ. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात टोचलेली गोष्ट हीच. चार महिन्यांत फोनची किंमत घटली, पण व्हिडिओ बाहेर गेल्यानं तुमचा मोंढ्यातला आडत्या तुटला, आणि उद्या कोर्टात साक्ष द्यायला तुमचे पाय मागं ओढले जातील. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं आहे. कर्नाटक उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये स्पष्ट केलं की जप्त फोनमधली माहिती तपासी अधिकाऱ्यानं कोर्टाच्या परवानगीशिवाय तिसऱ्या माणसाला द्यायची नाही. तरी अर्जात कुणावर नाव घेऊन आरोप करू नका. इतकंच लिहा : 'अमुक तारखेला फोन ठाण्यात असताना हा व्हिडिओ अमुक ग्रुपवर आला. फोन कोणत्या तारखेला सीलबंद केला ते कळवावं.' ज्या नंबरावरून तो ग्रुपवर पडला त्याचा स्क्रीनशॉट भावाच्या नाहीतर शेजाऱ्याच्या फोनवरून आजच काढून ठेवा. हे प्रश्न कोर्टापुढं गेले की आपोआप मोठे होतात.

पॅटर्न तुम्ही देऊन बसलात, तो परत घेता येत नाही. बँकेत जाऊन त्या फोनवरचं यूपीआय बंद करा, पासवर्ड बदला. पीक कर्जाचे आणि ई-पीक पाहणीचे ओटीपी अडले असतील तर त्याच नंबरचं दुसरं सिम मिळतं, पण आधी ठाण्यात लेखी कळवा. नवं सिम चालू झालं की फोनमधलं बंद पडतं आणि कुणी उद्या म्हणायला नको की तुम्ही छेडछाड केली. आणि घरातला कोणी हुशार भाचा म्हणेल, 'मामा, लांबूनच सगळा डेटा उडवतो,' तर त्याला हात लावू देऊ नका. पुरावा नाहीसा करणं हा भारतीय न्याय संहितेत वेगळा गुन्हा आहे, आणि आज तुम्ही ज्या स्वच्छ जागी उभे आहात ती जागा त्यानं जाईल.

प्रश्न : मॅडम, मी लातूरला नीटची तयारी करते, वय १९. होस्टेलमधली माझी रूममेट घरी न सांगता निघून गेली. पोलिस होस्टेलला आले आणि माझा फोन अनलॉक करायला सांगून अर्धा तास सगळं बघत होते, फोटोसुद्धा. परत दिला, पण पुन्हा ठाण्यात बोलावलंय. पासवर्ड द्यावाच लागतो का?

उत्तर : बाळ, आधी एक. तू बाई माणूस आहेस आणि साक्षीदार आहेस. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणे बाईला जबाबासाठी तिच्या राहत्या जागेशिवाय दुसरीकडं यायला भाग पाडता येत नाही. 'जबाब होस्टेलवर, वॉर्डन मॅडमसमोर देते,' असं नम्रपणे सांग. बोलावणंही लेखी माग.

पासवर्डचं उत्तर एका शब्दात देता येत नाही, कारण कोर्टांचीच मतं वेगळी आहेत. संविधानाच्या कलम २०(३) प्रमाणे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. बोटांचे ठसे म्हणजे अशी साक्ष नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनी १९६१ मध्येच ठरवलं. पण डोक्यातला पासवर्ड? कर्नाटक उच्च न्यायालय २०२१ मध्ये म्हणालं की तो देणं म्हणजे साक्ष नव्हे. दिल्ली उच्च न्यायालय २०२३ मध्ये म्हणालं की आरोपीवर त्यासाठी जबरदस्ती करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा शेवटचा शब्द यायचा आहे. म्हणून मी माझ्या स्वतःच्या भाचीला सांगते की बोटाचं नाहीतर चेहऱ्याचं लॉक ठेवू नकोस, आकडी लॉक ठेव.

तू आरोपी नाहीस, त्यामुळं २०(३) तुला थेट लागू होत नाही. मात्र ज्या उत्तरानं तू स्वतः गुन्ह्यात अडकशील ते न देण्याची मुभा साक्षीदारालाही नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८० मध्ये आहे. आणि इथं एक मुलगी हरवली आहे, हे तू आणि मी दोघींनी मनात ठेवायचं. तिच्याशी झालेलं चॅट, तिचे शेवटचे कॉल, तिनं पाठवलेलं लोकेशन हे स्वतःहून दाखव, त्याचे स्क्रीनशॉट दे, त्यात एक तासही लावू नकोस. तुझे घरचे फोटो, तुझ्या इतर मैत्रिणी, तुझी औषधं यांचा त्याच्याशी संबंध नाही. 'तिच्याबद्दलचं सगळं दाखवते, बाकी बघायचं असेल तर लेखी आदेश द्या,' हे वाक्य पाठ कर. 'विसरले' असं खोटं सांगू नकोस. खोट्यानं तुझी खरी गोष्टही संशयात येते. फोन ठेवून घ्यायला लागले तर वर मोंढ्यातल्या भाऊंना सांगितलेलं सगळं तुलाही लागू.

प्रश्न : नांदेडला एका ओळखीच्याकडून सहा हजारांत जुना मोबाईल घेतला. तो चोरीचा निघाला म्हणून पोलिस घेऊन गेले. पैसे तर गेलेच, मलाही आत टाकतील का?

उत्तर : चोरीचा आहे हे माहीत असताना, किंवा तसं वाटायला सबळ कारण असताना घेतला, तर गुन्हा. ओळखीच्याकडून बाजारभावानं घेतला असेल तर घाबरू नका, पण गप्पही बसू नका. कोणाकडून, कधी, कितीला, हे जबाबात नीट सांगा आणि जप्तीची पावती घ्या. फोन मूळ मालकाकडं जाईल, तो हक्क त्याचाच आहे. तुमचे सहा हजार विकणाऱ्याकडून मागायचे. पुढं जुना फोन घेताना संचार साथी ॲपवर आयएमईआय टाकून बघा, आणि विकणाऱ्याच्या आधारकार्डाच्या झेरॉक्सवर त्याची सही घ्या. या वेळी बिल नसेल तर फोनपेवरून पैसे दिल्याची नोंद असेलच, ती आज छापून घ्या आणि जबाबाला जोडा.